नव्या लॅपटॉपवर मराठी लिहायचंय? काय घ्यायचं, काय टाळायचं आणि कोणत्या क्रमाने

गेल्या महिन्यात भाचीने नागपूरच्या बर्डीवरून लॅपटॉप घेतला आणि पिशवीसकट थेट माझ्याकडे धरमपेठेत आली. "मावशी, दुकानातल्या भाऊनं सगळं टाकून दिलं म्हणे. पण यात मराठी कसं लिहायचं तेच समजून नाही राहिलं." तिचं पीएच.डी.चं काम झाडीबोलीवर आहे. भंडारा-गोंदियाकडच्या गावांत जायचं, शब्द, म्हणी, लग्नातली गाणी गोळा करायची, त्यांच्या नोंदी ठेवायच्या आणि दोन-तीन वर्षांनी त्यातून प्रबंध उभा करायचा. आम्ही एक अख्खी दुपार बसून तो लॅपटॉप लिखाणासाठी लावला. तेच काम इथे क्रमाने सांगते. ते विंडोज ११ डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, कारण आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक लॅपटॉप त्याच्यावरच चालतात.

सुरुवात कुठून करायची, याबद्दल माझं मत ठाम आहे. सॉफ्टवेअर निवडताना लोक ते दिसतं कसं आणि त्यात सोयी किती हे पाहतात. मी आधी पाहते की यातलं लिखाण दहा वर्षांनी, दुसऱ्या कंप्युटरवर, हे सॉफ्टवेअर नसतानाही जसंच्या तसं उघडेल का. हे मी फार महागात शिकले. आजोबांनी शेवटच्या दोन वर्षांत सांगितलेल्या आठवणी मी एका टायपिंग सेंटरमध्ये बसून उतरवून घेतल्या होत्या. पुढे ते सेंटर बंद झालं. सीडी माझ्याकडे होती, पण फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, टक्क्याची चिन्हं आणि अर्धवट कंस. मजकूर त्या सेंटरच्या फॉन्टमध्ये होता आणि तो फॉन्ट माझ्याकडे नव्हता. छापलेली एक प्रत कपाटात सापडली म्हणून आजोबा वाचले. ती चाळीस पानं मी पुन्हा टाइप केली.

आधी कीबोर्ड

सॉफ्टवेअर निवडण्याआधी हे उरकून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', त्यात 'लँग्वेज अँड रीजन', मग 'ॲड अ लँग्वेज' आणि यादीतून मराठी. मराठी आली की तिच्या पुढच्या तीन टिंबांवर जाऊन 'लँग्वेज ऑप्शन्स' उघडा. तिथे 'ॲड अ कीबोर्ड'मध्ये आणखी एक पर्याय दिसेल, मराठी फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करायचा आणि शब्द मराठीत उमटतो. आता विंडोजची कळ दाबून धरून स्पेस दाबलं की इंग्रजीवरून मराठीवर आणि मराठीवरून इंग्रजीवर जाता येतं. यासाठी बाहेरून काहीही डाउनलोड करावं लागत नाही.

हिंदी मात्र चुकून टाकू नका. दुकानात सेट करून दिलेल्या पुष्कळ मशिनींवर मराठीऐवजी हिंदी असते, कारण 'देवनागरी म्हणजे देवनागरीच' असा समज. ओळखायची सोपी खूण आपल्या गावाच्या नावातच आहे. फोनेटिक कीबोर्डवर इंग्रजी अक्षरांत 'नागपूर' टाइप करा. सुचवलेल्या शब्दांत पहिला 'नागपुर' आला, पु ऱ्हस्व, तर तुम्ही बहुधा हिंदीत आहात.

फोनेटिक घ्यावं की मराठीसोबत आपोआप येणारी इनस्क्रिप्ट मांडणी? महिन्याला चार पत्रं लिहिणाऱ्याला फोनेटिक पुरेसं आहे. पण ज्याला शेकडो पानं लिहायची आहेत त्याने इनस्क्रिप्ट शिकावं, असं मी आग्रहाने सांगेन. ही मांडणी सरकारने भारतीय भाषांसाठी ठरवलेली आहे. स्वर आणि त्यांची चिन्हं डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. 'नागपूर' लिहायला व्ही, ई, आय, एच, टी, जे अशा सहा कळा लागतात. न, काना, ग, प, दीर्घ ऊकार, र. जे दाबलं तेच उमटतं, कंप्युटर मध्ये पडून शब्द सुचवत नाही. बोलीभाषा लिहिणाऱ्याला याचा मोठा फायदा आहे. झाडीबोलीत 'पाणी' नसतं, 'पानी' असतं. फोनेटिक कीबोर्ड अशा शब्दाला प्रमाण भाषेकडे ओढत राहतो आणि घाईत आपलं लक्ष राहत नाही. भाचीने रोज अर्धा तास काढला. तिसऱ्या आठवड्यात बोटं आपोआप चालू लागली.

टाइपरायटरवर शिकलेल्यांची अडचण वेगळी आहे. कोर्टाच्या परिसरात अर्ज टाइप करून देणारे आपले कितीतरी लोक रेमिंग्टन मांडणीवर वाऱ्याच्या वेगाने टाइप करतात. त्यांना इनस्क्रिप्ट शिका म्हणणं म्हणजे उजव्या हाताने जेवणाऱ्याला डाव्याने जेव म्हणणं. त्यांनी रेमिंग्टन मांडणीचं साधन जरूर वापरावं. अट एकच, त्यातून निघणारा मजकूर युनिकोडमध्ये असला पाहिजे.

युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर ठरलेला एक क्रमांक. मजकूर युनिकोडमध्ये असला की फॉन्ट बदलला तरी अक्षर तेच राहतं. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजीच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असत. म्हणून फॉन्ट गेला की खालचं इंग्रजी उघडं पडायचं. माझ्या सीडीचं तेच झालं होतं.

परीक्षेची ओळ

कोणतंही सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यात एक ओळ टाइप करून पाहावी. माझी ओळ ही: 'दुसऱ्या दिवशी वऱ्हाडी पाहुण्यांनी लक्ष्मीनगरात ॲल्युमिनिअमच्या ताटात ठेचा-भाकर खाल्ली.' यात मराठीची बहुतेक अवघड अक्षरं आली. 'दुसऱ्या' आणि 'वऱ्हाडी' यांतला ऱ्य-ऱ्ह चंद्रकोरीसारखा दिसायला हवा. तो रफार होऊन 'दुसर्या'सारखा डोक्यावर चढला तर कीबोर्ड किंवा फॉन्ट यांपैकी काहीतरी चुकलंय. इनस्क्रिप्टवर हा ऱ्ह शिफ्ट-जे, मग डी, मग यू असा येतो. 'ॲ'वरचा चंद्र जागेवर बसला पाहिजे. 'लक्ष्मी'तला जोड सुटता कामा नये.

ओळ दिसली ठीक, तर पुढचं पाहा. फाइल सेव्ह करा, बंद करा, पुन्हा उघडा. मग तिची पीडीएफ करा, पीडीएफमधून ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. इथे पुष्कळ सॉफ्टवेअर घसरतात. वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते किंवा जोडाक्षर फुटतं. शेवटी फाइंडमध्ये 'वऱ्हाडी' टाकून तो शब्द सापडतो का ते बघा. हा ऱ्ह युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. डोळ्यांना सारखाच दिसतो, पण शोधताना कंप्युटर त्यांना वेगळे मानू शकतो. म्हणून एकच कीबोर्ड धरून राहा. अर्धा मजकूर एकावर, अर्धा दुसऱ्यावर असं केलंत की पुढे हजार नोंदींतून एक शब्द काढताना निम्म्या नोंदी हाती लागणार नाहीत.

फॉन्टचं थोडक्यात सांगते. विंडोजमध्ये निर्मला यूआय आधीच असतो, स्क्रीनसाठी तो बरा. मुक्ता आणि टिरो देवनागरी मराठी हे दोन गूगल फॉन्ट्सवरून फुकट घ्या. पहिला पत्र-अहवालांना चांगला. दुसरा पुस्तकी मजकुराला फार देखणा आणि त्यातली वळणं मराठी आहेत. आयआयटी मुंबईचा शोभिका हा फॉन्टही मोफत आहे, संस्कृत अवतरणं असतील तर तो घ्यावा. एवढे पुरतात.

लिखाणाचं मुख्य सॉफ्टवेअर

पूर्वी विंडोजसोबत वर्डपॅड येत असे. २०२४ च्या विंडोज ११ अपडेटपासून तो काढून टाकलाय, आता नुसतं नोटपॅड उरलं. त्यामुळे हा निर्णय टाळता येत नाही.

आधी लॅपटॉपचं बिल पाहा. आपल्याकडे बऱ्याच लॅपटॉपसोबत मायक्रोसॉफ्ट ऑफिस (वर्ड त्यातच असतं) कायमस्वरूपी मिळतं. बिलात किंवा खोक्यावर 'ऑफिस होम' आणि पुढे वर्ष लिहिलेलं असेल तर तुम्ही त्याचे पैसे दिलेले आहेत. आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याने ते चालू करून घ्या. नुसतं '३६५' असेल तर ती वर्गणी आहे आणि बहुधा चाचणीची मुदत. ती संपली की जुन्या फाइली वाचता येतात, बदलता येत नाहीत. प्रबंध अर्ध्यात असताना हे कळणं फार वाईट.

दुकानात 'फ्रीमध्ये टाकून देतो' म्हणून चोरीचं ऑफिस टाकलं जातं. भाचीच्या लॅपटॉपवर तेच होतं. आम्ही सगळ्यात आधी ते काढलं. ते चालू करायला जो छोटा प्रोग्राम वापरतात तो अँटिव्हायरस बंद करायला लावतो, आणि मग आत काय शिरलं याचा पत्ता लागत नाही. ज्या मशिनवर दोन वर्षांचं क्षेत्रकार्य राहणार आहे तिथे हा धोका घेऊ नये.

बिलात ऑफिस नसेल तर लिबरऑफिस घ्या. ते पूर्ण मोफत आहे, २०१० पासून द डॉक्युमेंट फाउंडेशन ही ना-नफा संस्था ते सांभाळते, इंटरनेट नसतानाही चालतं आणि वर्डच्या फाइली उघडतं. आम्ही हेच बसवलं. मराठीसाठी त्यात एक गोष्ट न विसरता करायची. टूल्स, मग ऑप्शन्स, मग भाषांची सेटिंग्ज. तिथे 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून त्यापुढे मराठी निवडा. याचं कारण असं की लिबरऑफिस इंग्रजी मजकुराचा फॉन्ट वेगळा धरतं आणि देवनागरीचा वेगळा. हे ठाऊक नसलं की माणूस फॉन्टचा आकार १२ वरून १४ करतो, इंग्रजी शब्द मोठे होतात आणि मराठी तिथल्या तिथे. स्टाइल्समध्ये जाऊन मूळ परिच्छेदाच्या स्टाइललाच देवनागरीचा फॉन्ट आणि आकार एकदा नेमून दिला की पुन्हा भानगड नाही. वर्डमध्येही हाच भेद आहे. कंट्रोल-डी दाबून उघडणाऱ्या खिडकीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' हा वेगळा कप्पा दिसतो, मराठीचा फॉन्ट तिथे द्यायचा.

लिबरऑफिससाठी मराठी शुद्धलेखन तपासणी जोड म्हणून मिळते. प्रमाण मराठी लिहिणाऱ्याने ती जरूर घालावी. बोलीतला मजकूर असेल तर आपोआप दुरुस्ती मात्र बंद ठेवा. लाल रेघ आली तर येऊ द्या, पण 'पानी'चं 'पाणी' आपल्या नकळत होऊ देऊ नका. गावातल्या आजीने उच्चारलेला शब्द तसाच उतरवणं हेच तर या कामाचं सार आहे, आणि तो एकदा बदलला की मूळ काय होतं हे कुणालाच सांगता येणार नाही.

गूगल डॉक्स मुख्य घर म्हणून मी सुचवत नाही, पण दोन कामांसाठी त्याला तोड नाही. एक, मार्गदर्शकांना मसुदा दाखवायचा असेल तर ते कडेला शेरे लिहू शकतात आणि जुनी आवृत्ती परत काढता येते. दुसरं, आवाजी टायपिंग. क्रोममध्ये डॉक्स उघडून टूल्समधून 'व्हॉइस टायपिंग' निवडा, भाषा मराठी करा आणि बोला. वयस्कर लेखकांना, ज्यांची बोटं आता चालत नाहीत, त्यांना हे फार उपयोगी आहे. विरामचिन्हं हाताने घालावी लागतात आणि वऱ्हाडी-झाडी शब्दांवर ते अडखळतं, तरी साध्या मराठीचा पहिला खर्डा झटकन उतरतो. छापील पानाचा फोटो ड्राइव्हवर चढवून 'ओपन विथ गूगल डॉक्स' केलं तर त्यातला मजकूरही निघतो. स्वच्छ छपाई असेल तर बरीच मेहनत वाचते.

नोंदींसाठी

नोंदी आणि लेखन एकाच सॉफ्टवेअरमध्ये करू नये असं माझं मत आहे. नोंद लहान असते, तुटक असते आणि तिला कुठेही उडी मारता यायला हवी. वर्डच्या एका फाइलीत तीनशे नोंदी घातल्या की ती फाइल म्हणजे गोदाम होतं.

ऑब्सिडियन आणि जॉपलिन हे दोन मी भाचीपुढे ठेवले. ऑब्सिडियनमध्ये प्रत्येक नोंद ही आपल्याच फोल्डरमधली साधी मजकुराची फाइल असते. सॉफ्टवेअर उद्या बंद झालं तरी ती नोटपॅडमध्ये उघडते. माझ्या कसोटीला हे पुरेपूर उतरतं. शिवाय एका नोंदीतून दुसरीचा दुवा देता येतो. दुहेरी चौकटी कंसांत, म्हणजे [[रोवणी]] असं लिहिलं की त्या नावाची नोंद जोडली जाते. महिनाभराने 'रोवणी' उघडली तर कोणकोणत्या गावांच्या नोंदींत तो शब्द आलाय ते खाली दिसतं. शब्दकोशासारखं काम करणाऱ्याला याहून मोलाचं काही नाही. जॉपलिन मोफत आणि मुक्तस्रोत आहे. वापरायला थोडं सरळ आहे आणि फोनशी जुळवणं ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्ह या इंटरनेटवरच्या साठवणुकीतून (क्लाउडवरून) पैसे न देता होतं. नोंदी त्याच्या स्वतःच्या साठ्यात राहतात, पण साध्या फाइलींच्या रूपात बाहेर काढता येतात. भाचीने ऑब्सिडियन घेतलं. तिच्या जागी मी असते तर मीही तेच घेतलं असतं.

वनोट कुणी घ्यावं? ज्याच्याकडे पेनने लिहायचा स्क्रीन आहे, जो वर्गात बसून आकृत्या काढतो, त्याने. पानावर कुठेही लिहिता येतं ही त्याची खरी ताकद. पण तिथून सगळं उचलून दुसरीकडे नेणं जड जातं. नोशनमध्ये तक्ते सुरेख होतात, मात्र सगळा पसारा त्यांच्या सर्व्हरवर. गूगल कीप किराण्याच्या यादीला आणि रस्त्यात सुचलेल्या ओळीला उत्तम, फोनवर ठेवाच.

एव्हरनोटचं उदाहरण मी सगळ्यांना सांगते. २००८ पासून लोकांनी त्यात आयुष्यभराच्या नोंदी साठवल्या. कंपनीची मालकी बदलली आणि २०२३ च्या अखेरीस मोफत खात्याला फक्त ५० नोंदी आणि एक वही अशी मर्यादा आली. जुन्या नोंदी गेल्या नाहीत, पण नव्या लिहायच्या तर पैसे भरा. म्हणून नोंदींचं सॉफ्टवेअर घेतल्या दिवशीच त्यातून बाहेर पडायचं दार कुठे आहे ते शोधून ठेवावं. 'एक्स्पोर्ट' शोधा, दहा नोंदी बाहेर काढा आणि नोटपॅडमध्ये मराठी नीट दिसते का ते पाहा.

भाचीची नोंद कशी असते ते सांगते. फाइलीचं नाव म्हणजे शब्द. पहिल्या ओळीत गाव, तारीख, सांगणाऱ्याचं वय. त्याखाली शब्द जसा ऐकला तसा, मग वाक्य, मग अर्थ, शेवटी रेकॉर्डिंगच्या फाइलीचं नाव आणि मिनिट. प्रत्येक नोंदीला हाच साचा. सॉफ्टवेअर कोणतंही असो, साचा पहिल्या आठवड्यात ठरवा. पाचशे नोंदी झाल्यावर तो बदलणं फार कष्टाचं असतं.

संदर्भग्रंथांची यादी ठेवायला झोटेरो मोफत आहे, वर्ड आणि लिबरऑफिस दोन्हींना जोडता येतं. प्रबंध लिहिणाऱ्याने ते पहिल्याच वर्षी सुरू करावं. बाकीच्यांना गरज नाही.

जुन्या फाइली

घरात जुन्या फॉन्टमधला मजकूर असेल तर तो आत्ताच युनिकोडमध्ये आणा, जोवर तो फॉन्ट कुणाकडे तरी आहे तोवर. फॉन्ट परिवर्तक मिळतात, पण कोणता फॉन्ट आहे हे नेमकं माहीत असावं लागतं. त्यानंतर प्रत्येक पान वाचावं. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. म्हणून परिवर्तन करताना 'स्थिती'सारख्या शब्दांत वेलांटी भलतीकडे जाते. रफार आणि ऱ्य हेही नेहमी मोडतात. मूळ फाइल मात्र पुसू नका.

जपणूक

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी वीज गेली की डेस्कटॉप एका क्षणात बंद. डेस्कटॉप असेल तर यूपीएस घ्याच. वर्ड आणि लिबरऑफिस दोन्हींत दर काही मिनिटांनी मजकूर आपोआप राखून ठेवायची सोय असते. ती साधारण १० मिनिटांवर असते, २ वर आणा. लिबरऑफिसमध्ये 'बॅकअप प्रत नेहमी ठेवा' यावरही खूण करा.

नवीन विंडोज लावताना डॉक्युमेंट्सचं फोल्डर वनड्राइव्हला जोडलं जाऊ शकतं. तिथे मोफत जागा ५ जीबी आहे. रेकॉर्डिंग आणि फोटो त्यात पडले की ती भरते आणि मग लिखाणही वर जायचं थांबतं. आम्ही डी ड्राइव्हवर 'लेखन' नावाचं वेगळं फोल्डर केलं, तेवढंच क्लाउडला जोडलं, आणि रेकॉर्डिंग बाहेरच्या हार्ड डिस्कवर. मजकुराला जागा लागते किती? देवनागरीचं एक चिन्ह साध्या फाइलीत ३ बाइट घेतं. दोन हजार शब्दांचा लेख म्हणजे सुमारे ४० केबी. एका जीबीत असे पंचवीस हजार लेख मावतील.

प्रती तीन ठेवा. एक लॅपटॉपवर, एक क्लाउडवर, एक पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर, आणि ती शेवटची दुसऱ्या घरात. भाचीची माझ्या कपाटात असते, ती दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येऊन बदलून नेते. परत नेण्याआधी आम्ही ती डिस्क माझ्या कंप्युटरला लावतो, मधलीच कुठलीतरी एक नोंद उघडतो आणि तिच्यातला ऱ्य शोधतो. या रविवारी 'वाऱ्यावर' निघाला, चंद्रकोर जागेवर होती.